पैंजण काळे का पडतात?

दिवाळीच्या आधी घरातले देव उजळायला काढले की एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. तांब्याचा कलश तांबूस-काळा होतो, त्यावर कधी हिरवट डाग पडतात. पितळी समई मळकट पिवळी होते. पण चांदीचे निरांजन आणि अत्तरदाणी मात्र आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी काळी ठिक्कर पडते. सोन्याची नथ वर्षानुवर्षे डबीत पडून राहिली तरी तशीच. मग चांदीलाच असे काय होते? आणि ते काळे निघून जाते तेव्हा त्याबरोबर आपली चांदीही जाते का?

दुसरा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्या खानदेशात चांदी ही केवळ शोभेची वस्तू कधीच नव्हती. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात, आणि रेल्वेने थोडे पूर्वेला गेले की खामगाव लागते, त्याला रजतनगरी म्हणतात. पण खरी चांदी आहे ती लोकांच्या अंगावर. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्कलकुवा, धडगाव भागात होळीच्या दिवसांत गेलात, तर पावरा आणि भिल्ल बायकांच्या अंगावर किलो-किलो चांदी दिसेल. मैदानी गावांतही वाळे, तोडे, पैंजण, जोडवी, गोठ, वाक्या, लहान मुलांच्या कमरेचे करदोडे हे सारे चांदीचे. दुष्काळात, आजारपणात, पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी हीच चांदी गहाण पडते किंवा मोडीत जाते. तेव्हा तिचे वजन किती आणि तिच्यात खरी चांदी किती, हा त्या घराच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. म्हणून आज चांदीचे थोडे रसायनशास्त्र आणि थोडे पदार्थविज्ञान पाहू या. पदार्थविज्ञान जरा जास्तच येईल, कारण तो माझा विषय आहे.

प्रथम ओळख. चांदी हे ४७ अणुक्रमांकाचे मूलद्रव्य. अणुभार सुमारे १०७.९, घनता दर घनसेंटिमीटरला १०.४९ ग्रॅम, वितळणबिंदू सुमारे ९६२ अंश सेल्सियस. सर्व धातूंत विजेची आणि उष्णतेची सर्वांत चांगली वाहक हीच. तांब्याचा नंबर तिच्यानंतर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांब्याची टंचाई झाली, तेव्हा ओक रिज येथील युरेनियम वेगळे करणाऱ्या यंत्रांच्या प्रचंड विद्युत्‌चुंबकांची वेटोळी सरकारी खजिन्यातून सुमारे १४ हजार टन चांदी उसनी आणून बनवली होती! युद्ध संपल्यावर ती हळूहळू परतही केली. दृश्य प्रकाशाचा सुमारे ९५ टक्के भाग चांदी परावर्तित करते, आणि तांबडा, हिरवा, निळा असे सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात परत पाठवते. म्हणून ती पांढरी दिसते. सोने निळा प्रकाश बराचसा शोषून घेते, म्हणून ते पिवळे.

आता काळेपणाकडे वळू. पुष्कळांचा समज असा की लोखंड गंजते तशी चांदीही हवेतल्या ऑक्सिजनने काळी पडते. हे खरे नाही. नेहमीच्या तापमानाला चांदी ऑक्सिजनला दाद देत नाही. तिचा वैरी आहे गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा वायू फार थोड्या, अब्जात एखाद्या भागाइतक्या प्रमाणातही असला तरी चांदीला तेवढा पुरतो. क्रिया अशी होते:

चांदी + हायड्रोजन सल्फाइड + ऑक्सिजन → सिल्व्हर सल्फाइड + पाणी

ऑक्सिजनचा हात यात आहे, पण मदतनिसाचा. काळा पदार्थ आहे तो सिल्व्हर सल्फाइड. सराफाच्या दुकानात मुद्दाम काळपट केलेले दागिने मिळतात, त्यांना सगळे जण ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात. तेथेही काळा थर बहुधा सल्फाइडचाच असतो, ऑक्साइडचा नव्हे. नाव चुकीचे पडले आणि चिकटून राहिले.

हा वायू येतो कोठून? सडक्या अंड्याचा वास म्हणजे तोच. उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावला तर तो काही मिनिटांत पिवळा पडतो. तुंबलेली गटारे, शेणाचा उकिरडा, गोबरगॅसचे संयंत्र या सर्वांतून तो थोडाफार बाहेर पडतो. गोबरगॅसवर स्वयंपाक होणाऱ्या घरातली चांदी लवकर काळी पडते ती यामुळे. कांदा, लसूण, कोबी यांत गंधकाची संयुगे असतात. लोकर आणि केस यांतही गंधक असतो. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालतात, म्हणून रबर-बँड गुंडाळून ठेवलेल्या वाळ्यावर नेमकी तेवढ्याच रुंदीची काळी पट्टी उमटते. पिकावरची भुरी घालवण्यासाठी शेतात गंधकाची भुकटी धुरळतात. तसल्या हातांनी कडे चाचपले तर त्याचीही तीच गत. गरम पाण्याचे झरे आपल्याकडे अडावदजवळच्या उनपदेवला आहेत, कोकणात ठिकठिकाणी आहेत. ज्या झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास येत असेल, तेथे स्नानाला उतरण्याआधी अंगावरची चांदी काढून ठेवावी हे बरे.

ही क्रिया दमट हवेत फार जोरात होते. धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो, वायू त्यात विरघळतो आणि मग चांदीवर चाल करतो. मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ अंशांवर जातो, पण हवा कोरडी ठणठणीत असते; त्या दिवसांत चांदी फारशी काळवंडत नाही. जुलै ते सप्टेंबर हे तिचे वाईट दिवस. दिवाळीला निरांजन नेमके काळे का सापडते, याचे उत्तर येथे आहे: नुकताच पावसाळा सरलेला असतो. रत्नागिरीच्या तुमच्या भावंडांना विचारा, त्यांच्याकडे चांदी आपल्यापेक्षा लवकर काळी पडते असे ते सांगतील.

काळे पडण्याआधी चांदीवर पिवळा, तांबूस, जांभळा, निळसर असे रंग येतात, ते कधी निरखून पाहा. सल्फाइडचा थर अगदी पातळ असताना प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही भाग आत शिरून खालच्या चांदीवरून परततो. दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही तरंगलांबीचे तरंग एकमेकांना मारक ठरतात आणि तो रंग परावर्तित प्रकाशातून वजा होतो. लांडी तरंगलांबी निळ्याची, म्हणून प्रथम निळा जातो आणि चांदी पिवळी दिसते. थर वाढत गेला की पुढचे रंग जातात. साबणाच्या फुग्यावर, पावसात डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात त्यांचेही कारण हेच, व्यतिकरण. थर जाड झाला की आतला प्रकाश शोषला जातो आणि उरतो तो काळा रंग.

आता हिशेब करू. समजा पैंजणांच्या जोडीवर सगळीकडे ०.०००१ मिलिमीटर जाडीचा काळा थर बसला आहे. सर्व कड्या, घुंगरे धरून जोडीचे एकूण पृष्ठफळ २०० चौरस सेंटिमीटर धरा. थराचे घनफळ झाले ०.००२ घनसेंटिमीटर. सिल्व्हर सल्फाइडची घनता सुमारे ७.२, म्हणजे थराचे वजन सुमारे १४ मिलिग्रॅम. त्यात ८७ टक्के चांदी असते, म्हणजे जेमतेम साडेबारा मिलिग्रॅम. अडीचशे ग्रॅमच्या जोडीत ही काय मोठी गोष्ट? काळेपणा डोळ्यांना कितीही खुपला तरी त्यात अडकलेली चांदी नगण्य असते.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्याचा व्यवहारात उपयोग आहे. गावोगाव ‘दागिने उजळून देतो’ म्हणून फिरणारे लोक येतात. त्यांच्यातले काही प्रामाणिक असतीलही, पण काहींच्या बाटलीत तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल असते. चांदी त्यात विरघळते. दागिना बाहेर येतो तो स्वच्छ आणि हलका. विरघळलेली चांदी त्या बाटलीत जाते आणि नंतर मीठ टाकून पांढऱ्या साक्याच्या रूपात सहज काढता येते. सोन्याच्या बाबतीत यासाठी अम्लराज वापरतात. दागिना आधी साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुऊन, वाळवून, वजन करून ठेवला असेल आणि उजाळ्यानंतर वजनात एका ग्रॅमची तूट आली, तर ती ‘मळ गेला’ या सबबीने समजावून घेऊ नका. मळ तुम्ही आधीच धुतला होता, आणि काळा थर काही मिलिग्रॅमचा असतो. उरलेले वजन मळाचे नव्हते. सराफ स्वतः यंत्रावर घासून उजाळा देतो तेव्हाही थोडी चांदी झिजते. ती तूट किती, ते आधी विचारावे आणि वजन समोर करून घ्यावे. यात भिडेचे काही कारण नाही.

घरच्या घरी आपण काय करतो? राख, रांगोळी, चिंच, लिंबू, दंतमंजन. एकेक तपासू.

चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेसाठी उत्तम, कारण तांब्याचे ऑक्साइड सौम्य आम्लात विरघळते. सिल्व्हर सल्फाइड विरघळत नाही. म्हणून कलश चिंचेने लखलखतो, निरांजन मात्र आहे तसेच राहते, आणि आई म्हणते ‘अजून जोर लाव’. चांदीच्या दागिन्यावर हिरवट डाग असतील तर ते चिंचेने जातात. पण ते डाग चांदीचे नसून तिच्यात मिसळलेल्या तांब्याचे असतात. जोडवी घातलेले बोट घामाने हिरवट होते तेही त्याच तांब्यामुळे.

राख काम करते ती घासून. पऱ्हाटीची असो की गोवरीची, राखेत वाळूचे म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात. वाळूचा कठीणपणा मोह्‌स मापनश्रेणीवर ७, चांदीचा अडीच ते तीन. म्हणजे आपण दागिना बारीक कानशीने घासतो आहोत. काळा थर ०.०००१ मिलिमीटरचा आणि राखेचा कण ओरखडा काढतो त्याच्या कितीतरी पट खोल. आजीच्या तोड्यावरची वेलबुट्टी तिच्या सुनेच्या काळात अर्धी आणि नातीच्या काळात सपाट झाली, तर दोष बहुधा या राखेचा. रांगोळीचेही तेच. मऊ, वस्त्रगाळ खडूची पूड ओल्या कापडावर घेऊन हलक्या हाताने चोळणे त्या मानाने पुष्कळ बरे. रिठ्याचे पाणी सर्वांत सौम्य. तेल-घामाचा मळ जातो, पण काळे जात नाही.

मग काळा थर चांदी न गमावता काढण्याची युक्ती आहे का? आहे, आणि ती दहावीच्या रसायनशास्त्रात बसणारी आहे. सल्फाइडमध्ये चांदी आणि गंधक एकमेकांना धरून आहेत. गंधकाला चांदीपेक्षा अधिक उत्सुक असा साथी दाखवला, तर तो चांदीला सोडून देईल. असा साथी म्हणजे ॲल्युमिनियम. धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत ॲल्युमिनियम बरेच वर, चांदी तळाशी. अडचण एवढीच की ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा चिवट पडदा असतो. धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी हा पडदा विरघळवते.

एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले घ्या. (आपल्याकडे याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात. ‘जर्मन सिल्व्हर’शी याचा काही संबंध नाही, त्यात ॲल्युमिनियमही नसते आणि सिल्व्हरही! तांबे, निकेल आणि जस्त यांची ती मिश्रधातू.) पातेले नसेल तर साध्या भांड्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची चंदेरी पन्नी पसरा. काळा दागिना त्यावर असा ठेवा की तो ॲल्युमिनियमला टेकलेला असेल. लिटरभर उकळते पाणी ओता आणि त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका. फेस येईल. पाच-दहा मिनिटांत काळेपणा विरत जाईल आणि सडक्या अंड्याचा मंद वासही येईल. तो वास आला की समजा, चांदीला सोडून गंधक निघाला.

येथे घडते ते असे. ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो; ते धातूतून वाहत दागिन्याकडे जातात; सल्फाइडमधला चांदीचा प्रत्येक आयन एकेक इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातुरूप चांदी बनतो. पातेल्यात तुम्ही एक विद्युत्‌घटच तयार केलेला आहे. म्हणूनच दागिना ॲल्युमिनियमला टेकणे आवश्यक. मध्ये दोरा वा कापड आले तर परिपथ तुटतो आणि क्रिया थंडावते. पडताळा पाहायचा असेल तर एक काळा चमचा टेकवून आणि दुसरा तसाच अधांतरी टांगून पाहा. दोन ॲल्युमिनियम अणूंमागे सहा चांदीचे अणू सुटतात. वजनात मांडले तर ५४ ग्रॅम ॲल्युमिनियमला ६४८ ग्रॅम चांदी, म्हणजे एकास बारा. आपल्या पैंजणांसाठी सुमारे एक मिलिग्रॅम ॲल्युमिनियम पुरे.

परत आलेली चांदी किंचित सच्छिद्र असते, म्हणून दागिना पांढरा पण जरा मंद दिसतो. स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने पुसला की चकाकी येते. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, खिडकी उघडी ठेवून करा. उकळते सोड्याचे पाणी हात भाजते. आणि तीन प्रकारचे दागिने यात मुळीच टाकू नका: मोती किंवा खडे बसवलेले, आत लाख भरलेले पोकळ, आणि नक्षी उठून दिसावी म्हणून खोलगट भागात मुद्दाम काळे केलेले. लाख गरम पाण्यात मऊ होते. मुद्दाम दिलेला काळा रंग तर क्षणात नाहीसा होईल, आणि मग आदिवासी घडणीचा सुंदर दागिना पत्र्यासारखा सपाट दिसेल. बाजारात ‘बुडवा आणि काढा’ अशी द्रावणेही मिळतात. त्यांतल्या बऱ्याच द्रावणांत थायोयुरिया आणि आम्ल असते. ती सल्फाइड विरघळवून टाकतात, चांदी परत करीत नाहीत. शिवाय थायोयुरिया शरीराला चांगला नाही. सायनाइड असलेली द्रावणे कारागीर वापरतात, त्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

आता शुद्धतेबद्दल. शुद्ध चांदी मऊ असते. तिचे पैंजण केले तर कड्या ओढल्या जाऊन उघडतील. म्हणून तांबे घालतात. हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग बहुधा तांबे, ती स्टर्लिंग चांदी. भारतीय मानक ब्यूरोने चांदीचे हॉलमार्किंग २००५ साली ऐच्छिक स्वरूपात सुरू केले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र ओळखक्रमांक देण्यास प्रारंभ झाला. दागिन्यावर ९९०, ९२५, ८०० असा आकडा असेल तर तो हजारातले भाग सांगतो. पण आजीच्या वाळ्यांवर असा शिक्का कोठून असणार?

त्या वाळ्यांची चांदी पुष्कळदा रुपयांची असे. १८३५ पासून इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. तोळ्याचे वजनही तेच. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो भाव शेतकऱ्याच्या हाती पडला चांदीच्या रुपयांत. रुपये आटवून दागिने घडवणे हा सरळ मार्ग होता: वजन ठाऊक, कस ठाऊक. पुढे १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि ५-५ टक्के निकेल व जस्त असे. १९४७ पासून रुपया निकेलचा झाला. ‘राणीछाप’ रुपयाला म्हातारी माणसे जपतात, त्यामागे राणीचे प्रेम नसून १०.६९ ग्रॅमचे गणित आहे. १९४० नंतरच्या रुपयात तीच चांदी ५.८३ ग्रॅम. दोन्ही नाणी हातात सारखीच जड लागतात.

मग कस ओळखायचा कसा? सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो, तीवर आम्ल लावून माहीत असलेल्या चांदीच्या रेघेशी ताडून पाहतो आणि टंच सांगतो. हल्ली सराफ बाजारात क्ष-किरणांची यंत्रे आली आहेत. दागिन्यावर क्ष-किरण सोडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण उलट सोडते, त्यांवरून मिनिटभरात टक्केवारी कळते. यंत्र उत्तम, पण ते पाहते फक्त वरचा काही शतांश मिलिमीटरचा थर. आणि येथे एक मेख आहे. हलक्या चांदीचा दागिना तापवला की पृष्ठभागावरच्या तांब्याचे ऑक्साइड बनते. तो सौम्य गंधकाम्लात बुडवला की ते ऑक्साइड विरघळते, चांदी तशीच राहते. असे चार-पाच वेळा केले की आत ६० टक्क्यांची चांदी आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीची दुधाळ पांढरी कातडी असा दागिना तयार होतो. कारागिराच्या दृष्टीने ही उजाळ्याची जुनी, चोख रीत आहे. पण कसोटीवर अलगद ओढलेली रेघ आणि यंत्राचा आकडा दोन्ही या कातडीचेच गुण गातात. म्हणून जाणता सराफ कानशीने खोल खाच पाडून मगच कस घेतो. मोड घेताना तो अशी खाच पाडतो, विकताना पाडत नाही. हे गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे.

कातडीला न फसणारी एक रीत तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. आर्किमिडीजची. दागिना भौतिक तराजूच्या एका बाजूला पातळ दोऱ्याने टांगून हवेत वजन करा. मग पारड्यावर लाकडी पूल ठेवून त्यावर पाण्याचे चंचुपात्र ठेवा, दागिना पूर्ण बुडवून पुन्हा वजन करा. हवेतले वजन भागिले वजनातली घट, ही झाली घनता. चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. मिश्रणात घनफळांची बेरीज होते हे धरून आकडेमोड केली तर ९२.५ टक्के चांदीची घनता १०.३६, ८० टक्क्यांची १०.१४, ६० टक्क्यांची ९.८२ आणि ५० टक्क्यांची ९.६६ येते. जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास. ही आकडेमोड स्वतः करून पाहा. घनतांची सरळ सरासरी काढाल तर उत्तर थोडे चुकेल.

समजा एक भरीव कडे हवेत १२० ग्रॅम आणि पाण्यात १०७.८ ग्रॅम भरले. घट १२.२, घनता ९.८४. म्हणजे चांदी सुमारे ६० टक्के, वजनात बहात्तर-त्र्याहत्तर ग्रॅम. घरची मंडळी ‘बारा भार चांदी’ समजत होती, ती प्रत्यक्षात सव्वासात भार निघाली. (भार म्हणजे येथे दहा ग्रॅम धरले आहेत.) पण सावध! कड्याच्या सांध्यात ०.१ घनसेंटिमीटर हवा, म्हणजे पाण्याच्या दोन थेंबांएवढा बुडबुडा अडकला तर घट १२.३ येते, घनता ९.७६ आणि चांदी ५६ टक्के. उलट वजनात तेवढीच चूक दुसऱ्या बाजूला झाली तर ६६ टक्के! एवढ्याशा बुडबुड्याने घराची सहा ग्रॅम चांदी उडते. म्हणून दागिना आधी साबणाच्या पाण्यात बुचकळून, विसळून, ओलाच पाण्यात सोडावा आणि दोऱ्याने हलकेच हलवावा. तीन वेळा माप घेऊन सरासरी काढावी.

ही रीत भरीव दागिन्यालाच चालते. पोकळ तोडे, लाख भरलेल्या वाक्या, आत खडे असलेली घुंगरे यांना ती लावू नये. आणखी एक कच्चा दुवा: शिसे चांदीपेक्षा जड, ११.३४. तांबे आणि शिसे दोन्ही बेताने मिसळले तर घनता चांदीची दाखवता येते. तेव्हा कमी घनता आली तर दागिना हलका हे नक्की; बरोबर घनता आली तर तो ‘बहुधा चांगला’, इतकेच म्हणता येते. लोहचुंबक चिकटला तर मात्र पुढच्या परीक्षेची गरजच नाही.

राहता राहिली साठवण. रोज वापरातली चांदी क्वचितच काळी पडते, कारण कपड्यावर आणि अंगावर ती सतत पुसली जाते. काळी पडते ती पेटीतली. घामात मीठ असते, म्हणून ठेवण्याआधी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. मऊ, जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डब्यात उन्हात तापवलेले खडूचे दोन-चार तुकडे टाकले तर ते दमटपणा ओढून घेतात. पावसाळ्याच्या तोंडाशी खडू पुन्हा तापवून घ्यावेत. जोड एकमेकांवर घासू नये म्हणून प्रत्येक नग वेगळा गुंडाळावा. लोकरीची शाल, रबर-बँड, आगपेट्या आणि कांद्या-लसणाची फडताळे यांपासून तो डबा दूर ठेवा.